चीफचा सेकंड

"सेकंड! अरे मेल्या सेकंड! खंय मेलस रे?"

कसालच्या बाजारात, सुक्या बांगड्यांचे ढीग आणि कोथिंबिरीच्या जुड्या यांच्यामधून, साठी उलटलेला, पांढऱ्या दाढीचा, हाफ पँट घातलेला एक माणूस हातात रिकामा पट्टा घेऊन ओरडत फिरत होता. आवाज असा की ओरोसच्या सरकारी कचेऱ्यांतले साहेबसुद्धा जेवणाची सुट्टी संपली असं समजून खुर्चीत सरळ बसले असतील. जन्म बोटीच्या इंजिनखोलीत गेलेला माणूस. त्याला हळू बोलणं ठाऊकच नव्हतं. बाजाराला वाटलं, ह्याला काहीतरी जुनं-वापरलेलं विकत हवंय. एक दलाल लगबगीने पुढे आला आणि कानाशी लागून म्हणाला, "सेकंड व्हयो तर ओरोसाक एक ट्रॅक्टर आसा. एकाच मालकान वापरलेलो."

"कुत्रो रे, मेल्या," चीफ म्हणाला. "माझो कुत्रो."

मग सगळा बाजार कामाला लागला. मी ट्रकखाली वाकलो आणि वाकलेलाच राहिलो, कारण माझ्या कमरेला परतीचं तिकीट मिळत नाही. दातांचे डॉक्टर मासळीच्या टोपल्यांमागे पाहून आले आणि उरलेला दिवस नाकाला रुमाल लावून बसले. तासाभरात बातमी कुडाळपर्यंत पोचली, आणि पोचेपर्यंत तिच्यात बिबट्याही आला होता. शेवटी चीफ फोन काढायला स्वतःच्या गाडीपाशी गेला, दार उघडलं, तर डाव्या सीटपुढे पाय ठेवायचा जो खड्डा असतो त्यातून सेकंडने एक लांब जांभई दिली. चीफ भाजी ठेवत असताना तो गळ्यातून पट्टा सोडवून आत शिरला होता आणि चीफने न बघताच दार लावलं होतं. समोरच्या काचेला उन्हाचा चंदेरी पडदा, बाजूच्या काचा तव्याच्या बुडासारख्या काळ्या. आत कुत्रा आहे की हत्ती आहे, बाहेरच्याला कळायची सोय नव्हती.

बाजार हसला. चीफही हसला. ती काळी काच आमच्या गोष्टीत पहिल्यांदा आली ती अशी हसत हसत.

चीफ बोटीवर चीफ इंजिनिअर होता. नोकरी सुटली, गाव आलं, तरी हुद्दा सुटला नाही. त्याचं खरं नाव त्याच्या मतदार ओळखपत्राला ठाऊक असेल, कसालला नाही. निवृत्त होऊन वर्षभरात बायको गेली. मग त्याने ती लाल, दोन सीटांची, जमिनीला पोट घासणारी गाडी आणली. बायको असती तर तिने ती फाटकाच्या आत येऊ दिली नसती, हे तो स्वतःच सांगायचा. आता तो पुण्याला लेकीकडे असतो, कुठल्यातरी उंच मजल्यावर, आणि गाडी माझ्या काजूच्या फॅक्टरीच्या शेडमध्ये आच्छादन घालून उभी आहे. दर आठवड्याला फोन येतो. "धुतलंस काय रे मेल्या? सावलीत आसा मा?" माझी तब्येत विचारत नाही. माझ्यावर कसलंच आवरण चढवलेलं नाही, मग विचारायचं काय?

आमच्या पट्ट्यात वेगवान गाड्या तीन आणि गतिरोधक तीन लाख. चीफची लाल, डॉक्टरांची निळी आणि माझी पिवळी. माझी इतकी बुटकी की पावसाळ्यात बेडूक तिच्यावरून उड्या मारून रस्ता ओलांडतात. वेग हवा होता त्या वयात आमच्याकडे एस.टी. होती. गाड्या आल्या तोवर आमचाच वेग संपला होता. दर रविवारी सकाळी कसालला वयनींच्या हॉटेलासमोर आम्ही तिघं जमायचो. आधी एकाने स्वतःला कसंबसं गाडीतून उपसायचं, मग त्याने दुसऱ्याला हात द्यायचा, मग दोघांनी मिळून तिसऱ्याला ओढायचं. नांगर काढावा तसं. एवढं झालं की वयनी चहा टाकायच्या. त्या म्हणायच्या, तुमच्या गाड्यांपेक्षा तुमचंच इंजिन आधी बघून घ्या.

आणि मग बोलणं सुरू व्हायचं. जगात लोक राजकारण, नातवंडं, मधुमेह असल्या गोष्टींवर बोलतात. आम्ही रंगावर बोलायचो. गाडीच्या रंगावर पारदर्शक प्लास्टिकची फिल्म चढवावी, की नुसतं सिरॅमिक कोटिंग मारून घ्यावं? डॉक्टर सिरॅमिकवाले. दातांवर जे बसतं ते गाडीवरही बसेल असा त्यांचा हिशोब. मी काहीच न लावणाऱ्यांतला, पण हे कबूल न करता मी सांगायचो की माझ्या गाडीला काजूच्या टरफलाचं तेल चोळलंय, उंदीरसुद्धा घसरून पडतो. चीफ मात्र फिल्मवाला, आणि तोही कट्टर.

"खारो वारो कोणाक सोडणा नाय," हे त्याचं पालुपद. समुद्राने त्याच्या डोळ्यांदेखत इंचभर जाड लोखंड खाल्लं होतं. म्हणून तो कसालपर्यंत जाऊन आला तरी घरी पोचल्यावर गाडी गोड्या पाण्याने धुवायचा. आधी वरून, मग चाकांच्या आत, मग आडवा होऊन पोटाखालून. गाव नळाच्या पाण्यासाठी भांडत असे आणि चीफ विहिरीचं पाणी शेंदून गाडीला न्हाऊ घाले. फिल्मबद्दल विचारलं की तो गाडीवर तळवा ठेवून म्हणायचा, "ही वरची कातडी. हिका काय्येक होउंदे. आतल्या रंगाक लागता नये."

त्या कातडीची एक करामत होती. बारीक ओरखडा पडला तर गाडी उन्हात ठेवायची. फिल्म तापते, मऊ होते आणि ओरखडा आपोआप बुजतो. डॉक्टरांचा यावर विश्वास नव्हता. चीफने एकदा वयनींच्या चमच्याने बॉनेटवर हलकी रेघ ओढून दाखवली आणि आम्हाला चहाचे तीन कप होईपर्यंत उन्हात बसवून ठेवलं. रेघ गेली. डॉक्टरांचं तोंड उघडं राहिलं आणि माझ्या टकलाची मात्र फिल्म निघाली.

सेकंड मिळाला आंबोलीत. तिथल्या पावसाबद्दल मी बोललो तर अतिशयोक्ती होते, म्हणून एवढंच सांगतो की तिथे मासे झाडावरून चालतात. चीफ कणसाच्या टपरीपाशी थांबला आणि दार उघडून उतरू लागला. आमचं उतरणं म्हणजे काय ते वर सांगितलंच आहे. एक पाय बाहेर, दुसरा आत, हात दाराला, अशा अवस्थेत तो असताना एक भिजलेलं, कान दुमडलेलं, तपकिरी जनावर त्याच्या मांडीवरून आत शिरलं आणि पलीकडच्या खड्ड्यात जाऊन वेटोळं करून झोपलं. चीफ बाहेर येईपर्यंत कुत्रा घरचा झाला होता. टपरीवालीला विचारलं तर ती कणीस फिरवत म्हणाली, न्हेवा, कोणाचो नाय तो.

बोटीवर चीफच्या हाताखालच्या इंजिनिअरला सेकंड म्हणतात. त्यामुळे नाव शोधायला वेळ लागला नाही. त्या दिवसापासून दुसरी सीट भरली आणि चीफचं तोंड सुरू झालं. मेल्या खाली बस. मेल्या पाय पूस. मेल्या तुका कितीदा सांगू, दारार नखा मारू नको. कारण सेकंडला आत यायचं असलं की तो डाव्या दाराला दोन्ही पंजांनी खरवडायचा. चीफ गाडी उन्हात लावायचा आणि म्हणायचा, "ऊन खाऊंदे. भरान येतला." संध्याकाळी दार कोरं. सकाळी पुन्हा ओरखडे. आमच्याकडे मेल्या म्हणजे शिवी नाही हे सांगायला नको. ज्याला आई आयुष्यात एकदाही मेल्या म्हणाली नाही, त्याने तिच्या मायेबद्दल शंका घ्यायला हरकत नाही. पण चीफ त्या कुत्र्याला श्वास घ्यावा इतक्या वेळा मेल्या म्हणायचा.

काळी काचसुद्धा सेकंडसाठीच. "आंबोलीचो तो. धुक्यातलो जीव. तेका हयचा ऊन सोसणा नाय." खरंच त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं. काळी फिल्म लावणं नियमात बसत नाही, हे डॉक्टर दर रविवारी सांगायचे आणि नाक्यावरचे हवालदार दर रविवारी सिद्ध करायचे. हवालदार घाटावरचे, सहा फूट उंच, मिशी अशी की दोन कोंबड्या रात्रीच्या वस्तीला राहतील. ते गाडी अडवायचे, काच खाली घ्यायला लावायचे, आणि काच अर्धी उतरते न उतरते तोच सेकंड मान बाहेर काढून त्यांचा आख्खा पंजा चाटून काढायचा. मग ते म्हणायचे, "काय दोस्ता, बरा आहेस ना?" आणि चीफला दम द्यायचे, की पुढच्या वेळी ही काळी फिल्म काढूनच या. पुढच्या वेळी पुन्हा तेच. कायदा आणि कुत्रा यांच्यात कुत्रा वर्षानुवर्षं जिंकत होता.

एकदा असंच, गेलेल्या जनावरांचा विषय निघाला. माझ्या वाघ्याला बिबट्याने नेलं, ते मी सांगितलं. म्हणजे बिबट्याने नेलं एवढं खरं. वाघ्याने आधी बिबट्याला तीन शेतं मागे रेटलं, हे माझं. डॉक्टर म्हणाले, तुमचं बरं, एकदाच काय ते झालं. त्यांच्या घरी मासे येत नाहीत. त्यांनी बोका लहानाचा मोठा केला, दूधभात घातला, आणि एक दिवस तो दोन घरं सोडून मासे खाणाऱ्यांकडे राहायला गेला. "रोज दिसतो," डॉक्टर म्हणाले. "गेटवर बसलेला असतो. मी हाक मारली की दुसरीकडे बघतो. यापेक्षा मेलेलं परवडलं."

मी हसायच्या बेतात होतो. चीफने सेकंडच्या दुमडलेल्या कानामागे खाजवत विचारलं, "पण दिसता मा?"

"दिसतो."

"मगे गप ऱ्हव."

सेकंड तेव्हाच म्हातारा झाला होता. गाडीत चढताना थांबायचा, चीफ त्याचं बूड वर लोटायचा, आणि मग आम्ही दोघं चीफचं. चौघंही एकाच वेगाने झिजत चाललो होतो.

मग एका रविवारी चीफ आला तो गाडी फणसाच्या सावलीत लावून. मी म्हटलं, आज ऊन का नाही दिलंस? तो म्हणाला, ऱ्हवांदे. डाव्या दारावर त्याने ओलं गोणपाट टाकलं होतं. मी हात पुढे केला, त्याला बाहेर ओढलं. तो म्हणाला, "हळू रे… बाबा." मध्ये एक शब्द यायचा राहिला. जिना उतरताना पायरी असेल म्हणून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं झालं. वयनींनी रोजच्यासारखं बिस्कीट पुढे केलं, चीफानू, ह्या सेकंडाक. डॉक्टर बिस्कीट घेऊन काचेकडे निघाले.

"काच्येक हात लावू नको," चीफ ओरडला. मग आवाज उतरवून म्हणाला, "निजलोहा."

त्याने बिस्कीट स्वतः घेतलं, दार वीतभर उघडलं, हात आत घातला, दार लावलं.

त्याच आठवड्यात मी काजूची पिशवी द्यायचं निमित्त करून त्याच्या घरी गेलो. मागच्या अंगणात रातांब्याच्या झाडाखाली नवी माती दिसली, भोवती चिरे नीट लावलेले, कोपरे काटकोनात, बोटीवरच्या माणसाने लावावेत तसे. वर एक जर्मनची थाळी पालथी. मी बघतोय हे त्याने बघितलं. म्हणाला, कलम लावलंय. मातीतून काडीसुद्धा वर आलेली नव्हती. मी म्हटलं, बरं केलंस, पाणी घालत जा. तो म्हणाला, घालतंय.

मी डॉक्टरांना सांगितलं, डॉक्टरांनी वयनींना सांगितलं, आणि वयनींना सांगितलं म्हणजे कसालला आणि अर्ध्या कुडाळला कळलं. पण चीफला कोणी काही बोललं नाही. उलट, पूर्वी जे त्या गाडीकडे बघतही नव्हते ते आता काळ्या काचेला हात करून जाऊ लागले. मासळीवाली विचारायची, काय म्हणता तुमचो सेकंड? तो म्हणायचा, आसा. निजलोहा. ट्रॅक्टरचा तो दलालसुद्धा एकदा काचेसमोर वाकून म्हणाला, खंय आसस रे बाबा. बघा, त्यानेसुद्धा तो शब्द टाळला. सगळा बाजार त्या एका शब्दाला वळसा घालून चालत होता. मालवणी माणसाने मेल्या न म्हणता दिवस काढणं म्हणजे माशाने न पोहता समुद्र ओलांडणं. आमची बोलणीच लंगडी झाली. डॉक्टर बोक्याचं नाव काढेनात. मी थापा मारायचो, पण मध्येच थकून खरं सांगून टाकायचो.

थकवा ह्या एका खोट्याचाच होता. खोटं मला नवं नाही, त्याच्यावर तर माझा पिंड पोसलाय. पण माझं खोटं सांगून झालं की मी ते तिथेच टाकून घरी जातो. चीफला ते घेऊन घरी जावं लागायचं, धुवावं लागायचं, आणि पुढच्या रविवारी पुन्हा घेऊन यावं लागायचं. तो वाळत चालला होता. गाडी मात्र चकचकीत, डाव्या दारावरचे ओरखडे तेवढे गोणपाटाखाली ओले आणि शाबूत.

हवालदारांची मधल्या काळात सावंतवाडीकडे बदली झाली होती. कसालला जे कळलं होतं ते त्यांना कळलं नव्हतं. ते परत आले त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी, आम्ही निघायच्या बेतात होतो, चीफ स्टिअरिंगपाशी बसला होता, आणि हे रस्ता ओलांडून आले ते हसतच. म्हणाले, फिल्म तशीच आहे ना अजून? बघतो तुमच्याकडे. पण आधी आमचा दोस्त दाखवा.

"निजलोहा," चीफ म्हणाला.

"माझा आवाज ऐकून उठेल की." आणि ते डावीकडे गेले, वाकले, नखाने काळ्या काचेवर टकटक केलं. "सेकंड. ए सेकंड."

वयनी किटली घेऊन धावत आल्या. हवालदारानू, आधी चाय घेवा, निवता. डॉक्टरांनी त्यांच्या दंडाला धरून अक्कलदाढेची चौकशी सुरू केली. आणि मी? मी जन्मभर थापा मारल्या. बिबट्याला तीन शेतं मागे रेटलं, मासे झाडावर चढवले, मिशीत कोंबड्या बसवल्या. त्या दिवशी एक, एकच साधी थाप हवी होती, आणि तोंडात काही येईना. हवालदार काचेवर वाजवतच होते. आत काही हललं नाही म्हणून त्यांची टकटक हळू झाली.

मग चीफने काच खाली घेतली. अर्धी नाही. पूर्ण.

आत सीटवर घडी घातलेला टॉवेल होता, त्यावर तपकिरी केस. खालच्या खड्ड्यात बिस्किटं. वयनींची, मासळीवालीची, डॉक्टरांची, आख्ख्या बाजाराची. आणि त्यांच्यावरून दाराच्या रबरापर्यंत गेलेली मुंग्यांची रांग. वाळूचा एक कण गाडीत गेला तर दोन तास झाडत बसणारा माणूस, आणि त्याच्या गाडीत मुंग्या.

हवालदार वाकलेलेच राहिले. पंजा सवयीने पुढे आला होता, तो त्यांनी सावकाश मागे घेतला. उभे राहिले. टोपी नीट केली. आमच्याकडे एकदा बघितलं, आणि त्या नजरेत त्यांना सगळं समजलं. सहा फूट माणूस, मी कधी ऐकला नव्हता इतक्या मऊ आवाजात म्हणाला, "झोपलाय. झोपू द्या त्याला. काच वर घ्या, ऊन येतंय."

चीफचं बोट बटणावर होतं. काच काही वर गेली नाही.

"नाय, हवालदारानू," तो म्हणाला. "मेलो तो."